प्रतिमा-मार्गदर्शित अल्पछेदी उपचार : सुरक्षितता आणि गुणकारिता

ज्या उपचारांत शरीर न उघडता, पडद्यावरील प्रतिमेच्या आधाराने सुई किंवा नळी रोगस्थानापर्यंत नेतात, त्यांना ‘अल्पछेदी’ म्हणता येईल. बोलीत ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ हा शब्दप्रयोग तर चांगलाच रुळला आहे. दोन्ही शब्द सांगतात ते केवळ जखमेचे माप. ऐकणारा मात्र त्यांतून ‘निर्धोक’ आणि पुढे जाऊन ‘गुणकारी’ असाही अर्थ काढतो. असा अर्थविस्तार भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. येथे मात्र त्याची गाठ रोग्याच्या जिवाशी आहे.

सुईतून तार आणि तारेवरून नळी रक्तवाहिनीत सरकविण्याची युक्ती स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. तिच्या आधारे अमेरिकेत पोर्टलंड येथे डॉटर यांनी १९६४ साली एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या मांडीतील अरुंद झालेली रोहिणी आतूनच रुंद केली. पाय कापून घेण्यास तिने नकार दिला होता. तो पाय वाचला. कुजू लागलेला पाय सुधारला की नाही, हे डोळ्यांना दिसते. वेदनेचे तसे नाही.

अस्थिक्षयाने खचलेल्या मणक्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने सुई घालून सिमेंट भरण्याचा उपचार, म्हणजे व्हर्टिब्रोप्लास्टी, या दृष्टीने मननीय आहे. १९८४ साली फ्रान्समध्ये तो प्रथम झाला, तो मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. अस्थिभंगासाठी त्याचा प्रसार नंतर झाला. रोगी टेबलावरून उतरताच हायसे वाटल्याचे सांगत, आणि याहून वेगळा पुरावा कशाला हवा, असे पुष्कळांना वाटे. २००९ साली दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एकीत १३१ रोगी होते, दुसरीत ७८. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निवडलेल्या निम्म्या रोग्यांवर उपचाराचे केवळ सोंग करण्यात आले. पहिल्या चाचणीत तर पाठीवर दाब देऊन सिमेंटच्या द्रवाची कुपीही उघडली, की खोलीत त्याचा वास यावा! वेदना दोन्ही गटांत कमी झाल्या, आणि दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. मणका मोडल्यापासून सहा आठवड्यांच्या आत उपचार केल्यास लाभ होतो, असे २०१६ च्या एका चाचणीने दाखविले. २०१८ च्या दुसरीला ताज्या अस्थिभंगातही तो दिसला नाही. वाद मिटलेला नाही. पण ‘रोग्याला बरे वाटले’ आणि ‘उपचाराने बरे वाटले’ ही दोन विधाने एक नव्हेत, एवढे त्यातून सिद्ध झाले. सिमेंट मणक्याबाहेर झिरपण्याचा, क्वचित शिरेवाटे फुप्फुसात जाण्याचा धोका मात्र खऱ्या उपचारातच संभवतो.

याच्या उलट उदाहरण पक्षाघाताचे. मेंदूच्या रोहिणीतील गुठळी नळीने काढण्याच्या तीन चाचण्या २०१३ साली निष्फळ ठरल्या होत्या. नेदरलंड्समधील ५०० रोग्यांच्या चाचणीत मोठी रोहिणी खरोखरच बंद आहे, हे आधी प्रतिमेवरून निश्चित केले गेले. साधनेही सुधारली होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, तीन महिन्यांनी स्वावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण उपचारित गटात ३२.६ टक्के आणि दुसऱ्या गटात १९.१ टक्के होते. म्हणजे येथे प्रतिमा केवळ हाताला वाट दाखवीत नाही, रोग्याची निवडही तीच करते. माझ्या मते यशाचे मर्म बरेचसे येथे आहे. तरीही मेंदूच्या दुसऱ्या भागात नवा आघात झाल्याचे प्रमाण उपचारित गटात ५.६ टक्के, तर दुसऱ्यात ०.४ टक्के होते. गुणकारी उपचारही निर्धोक असतोच असे नाही.

वाट दाखविणारी प्रतिमा स्वतःही इजा करू शकते. क्ष-किरणांखाली दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारांत त्वचा भाजते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ साली दिला. ही इजा बहुधा काही आठवड्यांनी उमटते. तोवर रोगी घरी गेलेला असतो, आणि पाठीवरच्या त्या व्रणाचा हृदयावरील उपचाराशी काही संबंध असेल, हे त्याच्या किंवा त्वचारोगाच्या वैद्याच्या ध्यानी येतेच असे नाही.