ऐकू येते, पण कळत नाही

‘आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत,’ अशी तक्रार उतारवयात अनेकजण करतात. घरच्यांना ती विसंगत वाटते; ‘हवे तेवढे बरोबर ऐकू येते’ असा शेराही कुणीतरी मारतो. वस्तुतः ही तक्रार शब्दशः खरी असते.

वयोमानानुसार अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी क्षीण होतात आणि उच्च पट्टीचे ध्वनी प्रथम हरवू लागतात. स, श, फ ही व्यंजने मुळातच मंद व उच्च पट्टीची. स्वर मात्र ठळक ऐकू येत राहतात. त्यामुळे ‘सहा’ आणि ‘दहा’ यांतील भेद पुसट होतो. इन्सुलिनच्या 6 युनिटऐवजी 10 युनिट घेतले गेले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

अशा वेळी आपण आवाज चढवतो. त्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने दबलेलीच राहतात आणि आपला चेहरा रागावलेला दिसतो. चांगला वक्ता श्रोत्यांसमोर जे पथ्य पाळतो, तेच येथे उपयोगी पडते. टीव्ही बंद करा. समोर, उजेडात, तीन-चार फुटांवर बसा. आधी हाक मारून लक्ष वेधा, मगच विषय काढा. वाक्ये लहान ठेवा, दोन वाक्यांमध्ये थांबा. न कळल्यास तेच वाक्य मोठ्याने न उच्चारता शब्द बदलून सांगा. औषधाची मात्रा व वेळ कागदावर ठळक अक्षरांत लिहा. शेवटी म्हणा, ‘मी नीट सांगितले का, ते पाहू; आता तुम्ही मला सांगा.’ असे विचारल्याने परीक्षा घेतल्यासारखे वाटत नाही.

ज्येष्ठ वाचकहो, आपणही एक करावे. न कळता मान डोलावू नये. ‘पुन्हा सांग, जरा सावकाश’ असे म्हणण्यात कमीपणा नाही.

कानात मळ साचला आहे का, हे तपासून श्रवणचाचणी करून घ्यावी. गरज असल्यास श्रवणयंत्र घ्यावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ‘लॅन्सेट’ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष आहे. संभाषणातून हळूहळू बाजूला पडणारा माणूस एकटा पडतो. आज रात्री जेवताना टीव्ही बंद ठेवून, त्यांच्या समोर बसून एवढेच विचारा, ‘आज दिवस कसा गेला?’