१६८ अ‍ॅक्सेस पॉइंट आणि विश्वातले अणू

दिसू शकणाऱ्या विश्वात एकूण अणू किती? ढोबळ अंदाज आहे, एकावर ८० शून्यं. हा आकडा ओलांडायला वाय-फायचा सिग्नल पुरवणारे १६८ अ‍ॅक्सेस पॉइंट पुरतात.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं सहसा तीनच धरतात: १, ६ आणि ११. मोठ्या इस्पितळाच्या छतांना १६८ अ‍ॅक्सेस पॉइंट लावले, तर प्रत्येकासाठी तीन पर्याय, म्हणजे एकूण मांडण्या ३ चा १६८ वा घात. अणू मागे पडले. सिग्नलची ताकदही ठरवायची आणि तिच्या ८ पातळ्या असतील, तर ५८ अ‍ॅक्सेस पॉइंटमध्येच ही मजल गाठली जाते.

यातल्या बहुतेक मांडण्या टाकाऊच. शेजारचे दोघे एका चॅनेलवर आले, की एक बोलत असताना दुसऱ्याने गप्प बसायचं, हा वाय-फायचा नियम आहे. एकटा अ‍ॅक्सेस पॉइंट आपल्या कानावर पडेल तेवढ्यावरूनच चॅनेल निवडणार. या सगळ्यांना एकत्र चालवणाऱ्या मध्यवर्ती कंट्रोलरकडे मात्र सगळ्यांनी ऐकलेलं जमा होतं. तो काही सगळ्या मांडण्या तपासत बसत नाही, त्याला विश्वाचं आयुष्यही पुरणार नाही. कोण कोणाला किती जोरात ऐकू येतो हे पाहून तो चुकलेली चॅनेलं दुरुस्त करतो. सिस्कोच्या कंट्रोलरमध्ये चॅनेलांची ही फेरतपासणी मुळात दर १० मिनिटांनी होते, दिवसाला १४४ वेळा.

सिस्कोचाच कॅटलिस्ट ९८००-८० हा कंट्रोलर ६,००० अ‍ॅक्सेस पॉइंट आणि ६४,००० उपकरणं सांभाळतो. रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं स्थानकांवरचं वाय-फाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं आणि मे २०२१ मध्ये ६,००० स्थानकांपर्यंत पोहोचलं. म्हणजे स्थानकागणिक एकच अ‍ॅक्सेस पॉइंट धरला, तरी त्या एका कंट्रोलरची मर्यादा भरते.

आता हे ६,००० हाताने सांभाळून बघू. १६ ऑक्टोबर २०१७ ला ‘क्रॅक’ नावाची त्रुटी जाहीर झाली. डब्ल्यूपीए२ या सुरक्षापद्धतीतच फट निघाली. फोन-लॅपटॉप तर दुरुस्त करायचेच होते, पण वेगवान रोमिंग (एकावरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) चालू असलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटवरही नवं फर्मवेअर चढवणं भाग होतं. एकामागे १५ मिनिटं धरली तर १,५०० तास होतात. रोज आठ तास, एकही सुट्टी नाही, असं दुसऱ्या दिवसापासून राबलेला माणूस २२ एप्रिल २०१८ ला मोकळा झाला असता. आणि तोवर रांगेतले शेवटचे सहा महिने उघडेच. कंट्रोलर हेच फर्मवेअर आधी सगळ्यांकडे गुपचूप पोहोचवून ठेवतो आणि रात्री टप्प्याटप्प्याने त्यांना रीस्टार्ट करतो.

रोमिंगचा हिशेबही असाच. चालताचालता कॉल तुटू नये म्हणून ओळखपत्रासारखी एक किल्ली पुढच्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडे आधीच असावी लागते. ६,००० जणांनी आपापसात जोड्या जमवायच्या म्हटल्या, तर त्या भरतात १ कोटी ७९ लाख ९७ हजार. मध्ये कंट्रोलर असला, की जोडण्या उरतात ६,०००.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते बीकनकडे. ‘मी इथे आहे’ ही घोषणा प्रत्येक नेटवर्क-नावासाठी दर १०२.४ मिलिसेकंदांनी होते. पाहुणे, कर्मचारी, कॅमेरे, प्रिंटर अशी चार नावं आणि दोन पट्टे धरले, तर ६,००० अ‍ॅक्सेस पॉइंट दिवसाला ४,०५० कोटी घोषणा करतात, एकही माणूस जोडलेला नसताना! दर खात्यासाठी वेगळं नाव मागणाऱ्या साहेबांना हा आकडा जरूर दाखवावा. कंट्रोलरवर तीन नावं एकदा पुसली, की ३,००० कोटींहून जास्त घोषणा हवेतून नाहीशा होतात.

घरात दोन-तीन अ‍ॅक्सेस पॉइंट असतील, तर कंट्रोलरवर पैसे घालवू नका. शंभराच्या पुढे गेलात, तर घ्याच. पण दोन घ्या. कंट्रोलरमधून सगळी वाहतूक जात असेल आणि तो एकटाच असेल, तर तो बसला की ६४,००० उपकरणं एकदम बसतात.