दिवा लागतो म्हणजे वायरिंग ठीक आहे?

जव्हार-मोखाड्यात घर ताब्यात येण्याच्या वाटा अनेक. जव्हार शहरात संस्थानकाळापासूनची जुनी घरे विकत किंवा भाड्याने मिळतात. वावरसारख्या गावात थोरल्या भावाचे घर धाकट्याकडे येते, ठेकेदाराने बांधलेले घरकुल वायरिंगसकट हाती पडते, बदली होऊन आलेल्या गुरुजींना आधीच्या भाडेकरूची खोली मिळते. घर घेताना पत्रा गळतो का, पाणी कुठून आणायचे, हे सगळे विचारले जाते. वायरिंगची चौकशी मात्र बटन दाबून संपते. दिवा लागला, म्हणजे सगळे ठीक. अनेक अपघातांची सुरुवात या समजुतीपासून होते.

दिवा लागायला फेज आणि न्यूट्रल एवढे दोन मिळाले की पुरते. पोटमाळ्यावरचा जोड नुसता पिळून ठेवलेला आहे, त्यावरची टेप सुकून गळाली आहे, जुनी ॲल्युमिनियमची वायर नव्या तांब्याच्या वायरला थेट गुंडाळली आहे, यातले काहीही दिव्यावरून कळत नाही. ॲल्युमिनियम आणि तांब्याचा असा जोड दमट हवेत गंजतो, सैल होतो आणि तापतो. जव्हारच्या पावसाळ्यात दमट हवेची कमतरता नसते.

‘बटन बंद केले की होल्डरमध्ये करंट नसतो’ हीदेखील तशीच समजूत. बटन फेजच्या वायरीवर असेल तरच ती खरी. वायरमन नसलेल्या माणसाने घाईत जोडणी केलेली असली, की पुष्कळदा बटन न्यूट्रलवर येते. दिवा लागतो आणि विझतोही, पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असतात. बल्ब बदलताना बसणारा शॉक अनेकदा यामुळेच असतो. म्हणून नव्याने ताब्यात आलेल्या घरात बल्ब बदलायचा तरी मेन स्विच बंद करूनच. वायरीच्या रंगावरही विसंबू नका. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ हा नियम आहे. पण हाताशी असेल त्या रंगाची वायर वापरून काम उरकणारे कमी नाहीत.

टेस्टरबद्दलही गैरसमज आहे. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असे धरून चालू नका. टेस्टर बिघडलेला असू शकतो. चालू असलेल्या ठिकाणी तो आधी लावून पाहावा. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर ‘पॉवर जोरात आहे’ असा अर्थ नसतो. न्यूट्रल कुठेतरी तुटला आहे, अशी शंका घ्यायला हवी.

सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना सुरू झाली आणि वीज नसलेल्या घरांना मीटर मिळू लागले. या योजनेत घराच्या आतली जोडणी बेताचीच होती: एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट. पुढे घराची गरज वाढते. त्याच बारीक वायरीतून पंखा जोडला जातो, मग टीव्ही, मग मिक्सर, इस्त्री. दिव्याच्या पॉइंटला साधारणपणे १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौरस मिलिमीटरची लागते. कारवीच्या कुडातून गेलेली बारीक वायर तापली, तर आगीला लागणारे सरपण तिथे तयारच असते. त्यात फ्यूज सारखा जातो म्हणून कुणीतरी किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या कटआउटमध्ये, जाड तार घालून ठेवलेली असते. अशा घरात फ्यूजऐवजी भिंतीतली वायरच जळते. कटआउट उपसून तार पाहणे, मेन स्विच बंद करून, हे घर घेतल्या दिवशीचे काम आहे.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे सॉकेटचे तिसरे भोक. तीन पिनांचा सॉकेट दिसला की ‘घराला अर्थिंग आहे’ असे सांगितले जाते. बोर्ड उघडल्यावर त्या पिनेला वायरच नाही, असे कितीतरी ठिकाणी आढळते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे अर्थच्या पिनेपासून शेजारच्या न्यूट्रलच्या पिनेपर्यंत लावलेला बोटभर वायरीचा तुकडा. तो लावणाऱ्याला वाटते, सोय झाली. पण त्या सॉकेटकडे येणारा न्यूट्रल मागे कुठे सुटला, की फ्रिजचे किंवा इस्त्रीचे धातूचे अंग फेजला जोडले जाते. त्या क्षणी फ्रिजचे दार जो धरील, त्याला पूर्ण दाबाचा शॉक बसतो. असा तुकडा दिसला, तर तो सॉकेट त्याच दिवशी बंद करा.

‘अंगणात पाइप गाडला आहे, मीठ-कोळसा घातला आहे, आता चिंता नाही’ हे आपल्या भागात विशेष तपासून पाहावे लागते. पाइप अर्थिंगसाठी अडीच मीटरचा पाइप सांगितला आहे. आपल्या डोंगरावर हातभर माती खणली की काळा कातळ लागतो. एप्रिल-मेमध्ये ती माती कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तो ५० ओहम झाला. २३० भागिले ५० म्हणजे गळती ४.६ अँपिअर. एवढ्याने ६ अँपिअरचा एमसीबीसुद्धा पडत नाही आणि यंत्राच्या अंगावर करंट तसाच राहतो. माणसाच्या जिवावर उठायला ३० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही पुरतो. एमसीबी वायरीला जपतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि तो अर्थिंग कमकुवत असतानाही गळती ओळखून वीज तोडतो. कातळावरच्या घरात ही चैन नाही, गरज आहे. अर्थात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले, तर आरसीसीबीलाही ते कळत नाही. शिवाय त्याच्यासोबत एमसीबी हवाच.

जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवला की तो पुन्हा पुन्हा पडतो. ‘माल खराब निघाला’ म्हणून लोक तो काढून टाकतात. बहुतेक वेळा दोष वायरिंगचा असतो: कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केलेले, कुठे ओल्या भिंतीत उघडा जोड. पडणारा आरसीसीबी तेच दाखवत असतो.

‘पावसाळ्यात भिंतीला थोडा करंट येतोच’ असे शांतपणे बोलले जाते, याचे मला फार वाईट वाटते. चांगल्या वायरिंगच्या घरात भिंतीला करंट येत नाही, पावसाळ्यातही नाही. पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली सर्व्हिस वायर, तिला आधार देणारी लोखंडी तार आणि त्याच तारेला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, या तिन्हींचा संबंध आला की ओला टॉवेल टाकायला गेलेल्या बाईचा जीव जातो. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरा.

मीटर महावितरणने लावले, म्हणून घराचे वायरिंगही त्यांनी तपासले असेल, हा समज चुकीचा आहे. मीटरच्या पुढची जबाबदारी घरमालकाची. नवी जोडणी घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. पण तो त्या दिवसापुरता. त्यानंतर आधीच्या मालकाने काय काय जोडले, त्याची नोंद कुठेच नसते. परवानाधारक वायरमनकडून मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्या. रोध एक मेगओहमपेक्षा कमी आला, तर गळती शोधलीच पाहिजे. तोवर एक गोष्ट स्वतः करता येते. मेन चालू ठेवून सगळी बटने बंद करा, सगळ्या पिना काढा. तरीही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा चोरीला जाते आहे. तो लुकलुकला नाही, म्हणजे वायरिंग निर्दोष ठरले, असे मात्र नाही.

शॉक बसलेल्याला मातीत पुरल्याने करंट उतरतो, हे साफ खोटे आहे. करंट अंगात साठून राहत नाही. पुरण्यात जातो तो वेळ. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला बाजूला करा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. खांबावरची किंवा तुटून पडलेली तार असेल, तर लाकडानेही हात लावू नका, लांब राहा आणि १९१२ वर कळवा.

घर तुमच्याकडे नुकतेच आले असेल, तर पहिल्या पावसाआधी वायरमन बोलवा. आणि आज रात्रीच, मेन स्विच कुठे आहे आणि कसा पाडायचा, हे घरातल्या शाळकरी पोरांपासून आजीपर्यंत प्रत्येकाला दाखवून ठेवा.