घरबसल्या वैद्यसल्ला आणि वजनाचें औषध

लग्नसराई जवळ आली कीं घरोघरीं वजनाचा कांटा बाहेर निघतो. पूर्वीं त्यावर उपाय म्हणून रात्रीचा भात बंद होई, सकाळीं लिंबूपाणी सुरू होई आणि पंधरा दिवसांनीं सर्व पूर्ववत् होई. त्यांत नुकसान कोणाचेंच नव्हतें. आतां गोष्ट निराळी झाली आहे. २०२५ सालच्या मार्चांत मौंजारो व जूनमध्यें वेगोव्ही हीं आठवड्यांतून एकदां टोचून घ्यावयाचीं औषधें भारतांत विक्रीस आलीं. पहिल्यांतील द्रव्य टिर्झेपटाइड, दुसऱ्यांतील सेमाग्लुटाइड. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून तीं विकूं नयेत असा नियम आहे. आणि ती चिठ्ठी मोबाईलवर मिळवून देणाऱ्या संस्थाही त्यांच्या पाठोपाठ पुढें आल्या.

औषधाचा गुण खरा आहे. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत १,९६१ लोकांवर सेमाग्लुटाइडची परीक्षा झाली. ६८ आठवड्यांत औषध घेणारांचें वजन सरासरीनें सुमारें १५ टक्के उतरलें. औषधाविना नुसती सुई घेणारांचें अडीच टक्केही नाहीं. इतक्या प्रभावी द्रव्याला चिठ्ठी लागते ती उगाच नव्हे.

एक उदाहरण घ्यावें. पुण्यांतील एखाद्या बाईंची उंची १६० सेंटीमीटर व वजन ६२ किलो आहे. मुलीच्या लग्नापूर्वीं आठ किलो उतरावेत अशी त्यांची इच्छा. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे जो आंकडा येतो, त्याला बी. एम. आय. म्हणतात. बाईंचा आंकडा येतो २४.२. हीं औषधें ३० किंवा अधिक आंकडा असणारांसाठीं, अथवा २७ किंवा अधिक असून रक्तदाब, मधुमेह यांसारखा विकार जडलेल्यांसाठीं आहेत. तेव्हां बाईंना औषध मिळूं नये. पण संस्थेच्या प्रश्नावलींत त्यांनीं वजन ७० लिहिलें आणि रक्तदाबाच्या रकान्यांत एक खूण केली, कीं आंकडा २७.३ होतो व दोन दिवसांत पेटी दारांत! उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानेंच तपासावी, अशांतला हा प्रकार आहे.

म्हणून संस्था निवडतांना प्रथम पाहावें तें हें कीं, ती कोणाला नकार देते काय. औषध किती लवकर पोंचतें, ही जाहिरात करण्याची गोष्ट. कोणत्या कारणानें रोगी परत पाठविला जातो, हें विचारल्याखेरीज कोणी सांगत नाहीं. तें विचारावें. उत्तर गुळमुळीत आलें तर दुसरें दार ठोठवावें.

केंद्र सरकारनें २५ मार्च २०२० रोजीं दूरवैद्यकसेवेचे नियम जाहीर केले. कोरोनाच्या घाईंत ते निघाले खरे, पण मजकूर विचारपूर्वक लिहिलेला आहे. चिठ्ठीवर व संकेतस्थळावर डॉक्टरचा नोंदणी-क्रमांक असलाच पाहिजे. यंत्राच्या बुद्धीनें रोग्यास सल्ला देऊं नये किंवा औषध लिहूं नये. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या किरकोळ औषधांपलीकडचें कांहीं पहिल्याच भेटींत लिहावयाचें, तर ती भेट निदान व्हिडिओवर झाली पाहिजे. नुसते निरोप लिहून चिठ्ठी देणारी संस्था येथेंच बाद होते. क्रमांक मिळाला कीं राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदवहींत तो पडताळून घ्यावा. त्यांत डॉक्टरचा अपमान कांहीं नाहीं.

डॉक्टरची पारख मात्र त्याच्या प्रश्नांवरून होते. घराण्यांत कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी जातीचा कर्करोग झाला होता काय? स्वादुपिंडाला कधीं सूज आली होती काय? पित्ताशयांत खडे आहेत काय? मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईड चालू असेल, तर त्याची मात्रा बहुधा कमी करावी लागते. नाहींतर रक्तांतील साखर उतरून माणूस घेरी येऊन पडतो. घरांतील सुनेला मूल हवें असेल, तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधीं थांबवावें लागतें. टिर्झेपटाइड सुरू करतांना नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवतां येत नाहीं. असले प्रश्न दिवाणखान्यांत सर्वांसमक्ष विचारतां येत नाहींत. मोबाईल घेऊन गच्चीवर जातां येतें, हा या पद्धतीचा एक गुणच मानावा.

औषध लिहिणें हें पाव तासाचें काम, पुढचें वर्षभराचें. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनीं पायरीपायरीनें २.४ पर्यंत चढवितात. एकदम चढविलें तर मळमळ व उलट्या सोसवत नाहींत. तेव्हां तिसऱ्या महिन्यांत पायरी चढावी कीं थांबावें, हें तोच डॉक्टर ठरविणार कीं दर वेळीं नवा माणूस, हें पैसे भरण्यापूर्वीं समजून घ्यावें. पोटांत तीव्र कळ येऊन ती पाठीकडे जाऊं लागली आणि उलट्या थांबेनाशा झाल्या, तर ती स्वादुपिंडाची सूज असूं शकते. अशा रात्रीं मोबाईलवर वाट पाहूं नये, सरळ रुग्णालय गांठावें. चांगली संस्था हें पहिल्याच दिवशीं लेखी सांगते.

चिठ्ठी हातीं देऊन ‘औषध कोठूनही घ्या’ म्हणणारी संस्था त्यांतल्या त्यांत बरी. जिचा नफा पेटीवर, तिला नकार देणें जड जातें. ओळखीच्या केमिस्टकडे पक्कें बिल मिळतें व बॅच नंबर पाहतां येतो. २०२४ च्या जूनमध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें ओझेम्पिक या सेमाग्लुटाइडच्याच औषधाच्या बनावट मालाविषयीं इशारा दिला होता; तो माल ब्राझील, ब्रिटन व अमेरिका येथें सांपडला होता. न उघडलेलें पेन २ ते ८ अंशांत ठेवावें, बर्फाच्या कप्प्यांत मात्र नव्हे.

तीन महिन्यांत बारीक करून देण्याचा वायदा जेथें असेल, तेथें ‘पुढें काय?’ असें विचारावें. वरील चाचणींतील कांहीं लोकांची औषध थांबल्यावर वर्षभर पाहणी झाली. उतरलेल्या वजनापैकीं दोनतृतीयांश परत आलें होतें.

पुण्याच्या त्या बाईंना चांगला डॉक्टर भेटला, तर तो म्हणेल, “ताई, कांटा कॅमेऱ्यासमोर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा.” कांटा ६२ दाखवील. औषध मिळणार नाहीं. सल्ल्याची फी मात्र द्यावी लागेल. तिची पावती मागून घ्यावी.