राजीचा खेळ

संगणकावरील खेळ मुले आवडीने खेळतात. परंतु तो घडविणारे हात कोणाला दिसत नाहीत. खेळातील प्रत्येक पात्र कोणीतरी चितारलेले असते. त्याने उडी केव्हा मारावी, भिंत लागताच कसे थांबावे, हे संगणकाला आज्ञांच्या भाषेत पायरीपायरीने सांगावे लागते. त्यात ध्वनी व संगीत यांची भर पडते, तेव्हा कोठे खेळ सिद्ध होतो.

चाळीस वर्षांपूर्वी हे सारे एकट्यालाही साधत असे. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा संगणक घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडता येई. मॅथ्यू स्मिथ या विशीही न गाठलेल्या तरुणाने १९८३ साली त्यावर 'मॅनिक मायनर' हा गाजलेला खेळ एकट्याने रचला. पुढे संगणक बलाढ्य झाले, चित्रे सजीव भासू लागली, आणि मोठ्या खेळासाठी शेकडो माणसे व अमाप पैसा लागू लागला. मग लहान संस्थांनी काय करावे?

याचे एक उत्तर अहिल्यानगरपासून सुमारे १२० किलोमीटरवरील पुण्यात मिळते. तेथे श्रुती घोष, अविचल सिंग व इयन मॉड यांनी 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही छोटी संस्था काढली. भारतीय पुराणकथांच्या आधाराने खेळ रचण्याचा त्यांचा संकल्प होता. खेळाची नायिका राजी ही कसरती करून दाखविणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधास निघते. कथेतील काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने मांडले आहेत.

कल्पना होती, द्रव्य नव्हते. २०१७ साली संस्थेने इंटरनेटवरून जगभरच्या लोकांकडे वर्गणी मागितली. त्या योजनेचा नियम कडक होता. ठरलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली, तरच ती हाती यावयाची. एरवी एक छदामही नाही. रक्कम जमली नाही. तरीही काम सोडले गेले नाही. पुढे प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी 'राजी : ॲन एन्शंट एपिक' प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांसाठी, नवोदित संस्थांच्या पहिल्या खेळांच्या गटात, अंतिम पाचांत त्याची निवड झाली. पारितोषिक दुसऱ्या खेळास मिळाले.

मोठ्या संस्थेजवळ माणसे व पैसा असतो. लहान संस्थेजवळ सांगण्याजोगी स्वतःची गोष्ट असावी लागते, आणि ती अर्ध्यावर न टाकण्याची चिकाटीही.