ग्रिफिथ वेधशाळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात लॉस अँजेल्स शहरातील ग्रिफिथ पार्क या विस्तीर्ण उद्यानात उभारलेली सार्वजनिक वेधशाळा. ती मौंट हॉलिवुडच्या दक्षिण उतारावर समुद्रसपाटीपासून सु. ३४६ मी. उंचीवर आहे. बहुतेक मोठ्या वेधशाळा संशोधनासाठी स्थापन झालेल्या असून सामान्य माणसास त्यांत क्वचितच प्रवेश मिळतो. ही वेधशाळा मात्र सामान्य माणसाने स्वतःच्या डोळ्याने आकाश पाहावे एवढ्यासाठीच बांधण्यात आली.

स्थापना : वेल्समध्ये जन्मलेले व खाणव्यवसायात धनवान झालेले ग्रिफिथ जे. ग्रिफिथ (१८५०–१९१९) यांनी १८९६ मध्ये ३,०१५ एकर (सु. १,२२० हेक्टर) जमीन उद्यानासाठी लॉस अँजेल्स शहरास दान दिली. पुढे मौंट विल्सन वेधशाळेतील १·५ मी. व्यासाच्या परावर्ती दूरदर्शकातून आकाश पाहण्याची संधी त्यांना मिळाली. असे दर्शन सर्वांना घडले, तर माणसाची जगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलेल, अशी त्यांची धारणा झाली. त्यांनी १९१२ मध्ये वेधशाळेसाठी १ लक्ष डॉलर देऊ केले. तथापि १९०३ मध्ये पत्नीवर गोळी झाडल्याबद्दल त्यांना कारावास झालेला असल्याने ही देणगी वादाचा विषय बनली आणि त्यांच्या हयातीत वेधशाळा होऊ शकली नाही. त्यांनी मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या निधीतून १९३३ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला व १४ मे १९३५ रोजी वेधशाळेचे उद्‌घाटन झाले. मृत्युपत्रातील इच्छेनुसार वेधशाळेत प्रवेश विनामूल्य असून केवळ तारामंडळाच्या कार्यक्रमांस शुल्क पडते.

इमारत : जॉन सी. ऑस्टिन व फ्रेडरिक एम. ॲश्ली हे वास्तुशिल्पज्ञ होते. मार्च १९३३ मधील लाँग बीचच्या भूकंपानंतर आराखड्यात बदल करून जाड काँक्रीटच्या भिंती योजण्यात आल्या. इमारतीवर तांब्याच्या पत्र्याने मढविलेले तीन घुमट आहेत. मधल्या मोठ्या घुमटाखाली तारामंडळ, पूर्वेकडील घुमटात प्रमुख दूरदर्शक व पश्चिमेकडील घुमटात सौर निरीक्षणाची साधने आहेत. प्रांगणात हिपार्कस, कोपर्निकस, गॅलिलीओ, केप्लर, न्यूटन व हर्शेल या सहा ज्योतिर्विदांचे स्मारक (१९३४) आहे.

दूरदर्शक : प्रमुख दूरदर्शक जर्मनीतील त्साइस कंपनीने बनविलेला प्रणमनी प्रकारचा असून त्याच्या वस्तुभिंगाचा व्यास १२ इंच (सु. ३० सेंमी.) आहे. निरभ्र रात्री प्रेक्षक रांगेने येऊन त्यातून पाहतात. आजवर ७० लाखांहून अधिक लोकांनी त्यातून आकाश पाहिले आहे. महानगराच्या दिव्यांमुळे येथील आकाश उजळलेले असते व अंधुक ज्योती दिसत नाहीत, त्यामुळे संशोधनास हे स्थान गैरसोयीचे आहे. चंद्र, ग्रह व ठळक युग्मतारे मात्र पुरेसे तेजस्वी असल्याने त्यांच्या दर्शनात या प्रकाशाने फारशी बाधा येत नाही. चंद्रावरील विवरांच्या छाया, गुरूचे चार मोठे उपग्रह, शनीची कडी आणि हंस तारकासमूहातील बीटा या युग्मताऱ्याचे सोनेरी व निळसर घटक येथे पाहता येतात. छायाचित्रांत रंगीत दिसणाऱ्या अभ्रिका भिंगातून फिकट करड्या दिसतात. मंद प्रकाशात डोळ्याची रंग ओळखण्याची शक्ती जवळजवळ लोपते, हे याचे कारण होय. छायाचित्रांशी तुलना करणाऱ्या प्रेक्षकाची यामुळे प्रथम निराशा होणे शक्य आहे. परंतु त्या ज्योतीपासून निघालेला प्रकाशच आपल्या डोळ्यात शिरत आहे, हा अनुभव छायाचित्र देऊ शकत नाही.

सौर निरीक्षण : पश्चिमेकडील घुमटातील फिरते आरसे सूर्याचा मागोवा घेत त्याचा प्रकाश तीन दूरदर्शकांकडे वळवितात. त्यांपैकी एकाने सूर्यबिंब व त्यावरील डाग दिसतात. दुसऱ्यात हायड्रोजनाच्या तांबड्या प्रकाशातील बिंब व त्याच्या कडेवरील ज्वाला दिसतात, तर तिसरा सूर्याचा वर्णपट व त्यातील काळ्या रेषा दाखवितो. सूर्याकडे दूरदर्शकातून थेट पाहिल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. या योजनेमुळे सूर्याचे दर्शन सर्वांना निर्धोकपणे घडते.

प्रदर्शने : मध्यवर्ती दालनातील फूको लंबकाचा पितळी गोळा २४० पौंड (सु. १०९ किग्रॅ.) वजनाचा असून तो ४० फुटी (सु. १२ मी.) तारेने टांगलेला आहे. पृथ्वीच्या अक्षीय गतीमुळे लंबकाच्या आंदोलनाचे प्रतल हळूहळू फिरत असल्याचे दिसते व गोळा सभोवार मांडलेल्या खुंट्या एकामागून एक पाडतो. ध्रुवावर या प्रतलाची फेरी सु. २४ तासांत पूर्ण झाली असती. येथील ३४° अक्षांशावर तिला सु. ४३ तास लागतात. तळघरातील दालनात कन्या तारकासमूहातील दीर्घिकासमूहाच्या काही भागाचे सु. ४६ मी. लांब व ६ मी. उंच असे भव्य चित्र आहे. त्यासमोर बाकावर बसलेला आइन्स्टाइन यांचा पुतळा एक बोट उभे धरून आहे. डोळ्यासमोर सुमारे फूटभर अंतरावर धरलेल्या बोटाने आकाशाचा जेवढा भाग झाकला जाईल, तेवढाच भाग या चित्रात आहे. तरीही त्यात दहा लाखांहून अधिक दीर्घिका आहेत.

तारामंडळ : अमेरिकेतील आरंभीच्या तारामंडळांपैकी हे एक होय. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना ताऱ्यांवरून दिशा ओळखण्याचे शिक्षण येथे देण्यात आले आणि १९६० नंतरच्या दशकात चंद्रमोहिमांसाठी निवडलेल्या अंतराळवीरांनीही येथे असाच अभ्यास केला. कार्यक्रमाचे निवेदन ध्वनिमुद्रित नसून निवेदक ते प्रत्यक्ष करतो.

जानेवारी २००२ मध्ये वेधशाळा विस्तारासाठी बंद करण्यात आली. इमारतीचे मूळ रूप बिघडू नये म्हणून नवी दालने दर्शनी हिरवळीखाली खोदून बांधली. सु. ९·३ कोटी डॉलर खर्चाच्या या कामात तारामंडळास नवा प्रक्षेपकही मिळाला व ३ नोव्हेंबर २००६ रोजी वेधशाळा पुन्हा खुली झाली. या वेधशाळेचे महत्त्व शोधांवरून ठरविता येत नाही. संशोधकांपुरत्या राहणाऱ्या एका साधनाचा उपयोग तिने कोणत्याही अटीविना नागरिकांस उपलब्ध करून दिला, यातच तिचे वैशिष्ट्य आहे.