हरसूलची पोरं, निफाडची अंगणवाडी

भात झोडून झाला, नागली-वरई घरात आली की त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल भागातले पाडे हळूहळू ओस पडायला लागतात. वाघेरा घाट उतरून माणसं गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात येतात आणि तिथून दिंडोरी, ओझर, पिंपळगाव, निफाड असं ज्याला जिथे काम मिळेल तिथे पांगतात. याला इकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. काम द्राक्षबागांतलं : ऑक्टोबर छाटणी, मग डिपिंग, विरळणी आणि शेवटी खुडा. नवरा-बायको एकराच्या हिशोबाने उक्तं काम घेतात. सोबत तान्हं पोर असतं आणि त्याला सांभाळायला त्याची सहा-सात वर्षांची बहीण.

या पोरांसाठी सरकार काही करत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. हरसूलपासून फार लांब नसलेल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत 1992 साली बालमृत्यूंचं थैमान झालं, मुख्यमंत्र्यांना तिथे जावं लागलं आणि कुपोषण हा शब्द विधानसभेत रोजचा झाला. 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली. आजारी पोराला घेऊन दवाखान्यात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची सोय तिच्यात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कागदांतली ती सर्वांत शहाणी ओळ आहे. कारण आई पोराला दाखल करायला नको म्हणते ती बहुतेक वेळा अडाणीपणामुळे नाही, तर रोज बुडतो म्हणून.

पुढे 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन आणि नोव्हेंबर 2015 मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर पहिले सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण : भाकरी किंवा पोळी, भात, डाळ-कडधान्य, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू. वर्षभरात योजनेला मुलांची जोड मिळाली. सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून चार दिवस अंडं, न खाणाऱ्याला केळी. पैसा आदिवासी विकास विभागाचा, राबवणूक महिला व बालविकासची. दोन खात्यांच्या मध्ये निधी अडकतो आणि सेविकेला किराणा दुकानात उधारी करावी लागते, हे रडगाणं जुनंच आहे. ते बाजूला ठेवू. योजना चांगली आहे. नेहमीच्या शिध्यापेक्षा अंडं बरं, कारण शिध्याचं पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं, उकडलेलं अंडं ज्याचं त्याच्याच पोटात जातं.

अंगणवाडीत पोराचा दंडघेर मोजताना एकदा पाहावं. पोर मांडीवर, डावा हात मोकळा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये ती कागदासारखी पट्टी गुंडाळायची. हिरवा आला तर ठीक. पिवळा म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या आत. लाल म्हणजे साडेअकराच्याही आत, पोर तीव्र कुपोषित. सेविका पट्टी ओढत नाही, सैलही सोडत नाही. रंग दिसला की आईकडे न बघता आधी वहीत आकडा लिहिते. लाल निघालेलं पोर ग्राम बालविकास केंद्रात, गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात. तिथे निदान दोन आठवडे राहायचं आणि नंतर कित्येक आठवडे वजनाचा पाठपुरावा. हा पाठपुरावा चालू असतानाच मजुरांच्या टोळीला न्यायला टेम्पो येतो.

खरी गोम पुढे आहे. अमृत आहार ही अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांची योजना. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इथे ती आहे; निफाडसारख्या बागाईत तालुक्यात नाही. म्हणजे पोर तेच, आई तीच, भूकही तीच, पण हद्द ओलांडली की अंडं बंद. तिथल्या अंगणवाडीने मोठ्या मनाने नाव घेतलं तरी नेहमीचा आहार मिळेल, अमृत आहार नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला मोफत आहाराचा हक्क दिला, तोही स्थानिक अंगणवाडीमार्फत. द्राक्षबागेतल्या पत्र्याच्या शेडपासून ती अंगणवाडी दोन-तीन किलोमीटर गावात असते आणि पोर तिथवर नेणार कोण? सात वर्षांची बहीण?

राज्यात 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 25 टक्क्यांहून अधिक उंचीच्या मानाने बारीक, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने सांगितलं. चौथ्या फेरीतही आकडे जवळपास हेच होते. एवढ्या योजना मधल्या काळात चालूनही काटा हलला नाही, त्याला कारणं अनेक आहेत. हंगामी स्थलांतर त्यातलं एक, आणि सोडवायला तुलनेने सोपं.

तसं ते सोडवलं गेलेलंही आहे, तेही द्राक्षांच्याच मुलखात. कॅलिफोर्नियाच्या डिलेनोत 1965 मध्ये फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी द्राक्षबागांत संप पुकारला, तो पाच वर्षं चालला. त्याच काळात, 1969 मध्ये, पिकामागे फिरणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने हेड स्टार्ट या बालशिक्षण-पोषण कार्यक्रमाची वेगळी शाखा काढली. यांतली बहुसंख्य मुलं लॅटिनो. केंद्रं हंगामानुसार उघडतात. आई-बाळांना पूरक आहार देणारा ‘विक’ कार्यक्रम 1972 मध्ये मंजूर झाला. त्यात फिरत्या कुटुंबाला एक दाखला मिळतो, तो दाखवला की दुसऱ्या राज्यात पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागत नाही. तिथेही सगळं गोड आहे असं नाही. कागदपत्रं नसलेले आई-बाप भीतीपोटी दारातच जात नाहीत. पण हक्क पोराच्या नावावर असावा, गावाच्या नव्हे, हे तिथे मान्य झालं.

आपल्याकडे मान्य नाही असं नाही. राज्याने 2022 मध्ये स्थलांतरितांच्या नोंदीची ‘महाएमटीएस’ प्रणाली सुरू केली, केंद्राच्या पोषण ट्रॅकरमध्येही लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे वर्ग करता येतो. मात्र नोंद वर्ग झाली म्हणून अंड्याचा पैसा वर्ग होत नाही. वर 2025 पासून घरपोच शिध्यासाठी लाभार्थ्याची चेहरा-पडताळणी सक्तीची झाली. गावी राहिलेल्या आजीने सुनेचा शिधा घ्यावा, ही वाटही त्यामुळे अरुंद झाली.

गंमत म्हणजे याच निर्यातक्षम द्राक्षबागांची ‘ग्रेपनेट’ या संगणक प्रणालीवर प्लॉटवार नोंदणी असते. युरोपात पेटी उघडली तरी माल कुठल्या बागेतला आणि औषधांचा अंश किती, हे शोधता येतं. यंत्रणा उभारता येत नाही, हे कारण त्यामुळे नाशिक जिल्ह्यात तरी कोणी देऊ नये. बागेत टोळी कधी येणार, किती दिवस राहणार, हे बागाईतदाराला आणि मुकादमाला महिनाभर आधी माहीत असतं.

करायचं ते लहान आहे. अमृत आहाराच्या शासन निर्णयात एक कलम वाढवायचं, की अनुसूचित क्षेत्रातलं नोंदणीकृत मूल जिल्ह्यात कुठेही गेलं तरी त्याचा खर्च नाशिकचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय तिथल्या अंगणवाडीला देईल. जिथे दहा-पंधरा कुटुंबं एकत्र उतरतात तिथे हंगामापुरतं पाळणाघर. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद आधीपासून आहेच. तीच बागेत लागू करून सांभाळणारी बाई टोळीतलीच घ्यावी, तिचा रोज सरकार आणि बागाईतदार यांनी मिळून द्यावा. आणि हे सगळं सप्टेंबरच्या आत व्हावं लागेल, कारण छाटणी सुरू झाली की पाड्यावर सही घ्यायलाही कोणी सापडत नाही.